वकील, वकिलात आणि आमचं जालना

मराठीत 'वकील' म्हटलं की डोळ्यासमोर काळा कोट येतो. तारीख, पुढची तारीख, त्याच्यापुढची तारीख. पण त्याच शब्दाला शेपूट लावून 'वकिलात' म्हटलं की एकदम झेंडा, उंच फाटक, बंदूकधारी पहारा आणि बाहेर फाइल छातीशी धरून उभे असलेले आपल्यासारखे लोक दिसायला लागतात. एकाच घरातले हे दोन शब्द इतके लांब कसे गेले?

उत्तर सोपं आहे. वकील म्हणजे मुळात दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस. कोर्टात अशिलाच्या वतीने बोलतो तोही वकील आणि एका दरबाराच्या वतीने दुसऱ्या दरबारात जाऊन बसतो तोही वकीलच. पेशवाईच्या कागदपत्रांत 'वकील' आला की तो बहुतेक वेळा हा दुसरा, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत. दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे ही पुण्याची वकील मंडळी. त्यांनी धाडलेल्या पत्रांचे गठ्ठे आज इतिहासाच्या अभ्यासकांसाठी सोन्याची खाण आहेत. दरबारात कोण आजारी आहे, कोणाचं कोणाशी बिनसलंय, फौजेचा पगार किती महिने थकलाय, सगळं त्यात असतं.

मी मूळचा जुन्या जालन्याचा. कुंडलिकेच्या अलीकडे जुनं जालना, पलीकडे नवं जालना, एवढा भूगोल पुरे. पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी असले नसते उद्योग करतो. जालन्यात परदेशी वकिलात कधी नव्हती, आजही नाही आणि पुढे होईल अशी काही चिन्हं नाहीत. आमच्याकडच्या बियाणं आणि स्टीलच्या धंद्यातल्या मंडळींना किंवा ऑनसाइट निघालेल्या पोरांना व्हिसासाठी मुंबईच गाठावी लागते. पण गंमत अशी की 'सोन्याचा पाळणा' म्हणवणाऱ्या या गावाचं नशीब दीडशे वर्षांत दोनदा वकिलातींच्या खेळात ठरलं. एकदा १८०३ मध्ये, दुसऱ्यांदा १९४८ मध्ये. आज त्याचीच गोष्ट.

आधी थोडं बेसिक. आज वकिलातींचे नियम ठरवतो तो १९६१ चा व्हिएन्ना करार. कॉन्सुलेटसाठी वेगळा करार आहे, १९६३ चा. वकिलात राजधानीत असते आणि ती सरकारशी बोलते. कॉन्सुलेट इतर मोठ्या शहरांत असतात, त्यांचं काम म्हणजे व्हिसा, व्यापार, स्वतःच्या नागरिकांची अडीअडचण. म्हणून अमेरिकेची वकिलात दिल्लीत आणि आपण इंटरव्ह्यूला जातो ते मुंबईचं कॉन्सुलेट. (पूर्वी ते ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होतं, म्हणजे मूळच्या वांकानेरच्या महाराजांच्या बंगल्यात. २०११ मध्ये ते बीकेसीला गेलं.)

एक गैरसमज मात्र सगळीकडे आढळतो. 'वकिलातीच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं की आपण त्या देशात.' हे खरं नाही. जमीन यजमान देशाचीच असते. फक्त यजमानाने कबूल केलेलं असतं, की परवानगीशिवाय आमचा पोलीस आत येणार नाही, तुमच्या कागदपत्रांना हात लावणार नाही आणि बाहेरून कोणी दगड मारायला आलं तर तुम्हाला सांभाळायची जबाबदारी आमची. बदल्यात यजमानाच्या हातात एक हुकमी पत्ता असतो. कुठल्याही क्षणी, काहीही कारण न देता, 'हा माणूस आम्हाला नको' असं सांगता येतं. मग पाहुण्याला बॅग भरावीच लागते.

म्हणजे वकिलात हा शेवटी पाहुणचार आहे. कोणाला घरात घ्यायचं, कोणाला नाही आणि आलेल्याला कधी निरोप द्यायचा, हे यजमान ठरवतो. ज्याला हे ठरवता येतं तो घराचा मालक. ज्याला येत नाही तो... पुढे बघू.

पुण्याचा दरबार अठराव्या शतकात हा खेळ फार छान खेळायचा. इंग्रजांचा मॉस्टिन १७७२ पासून पुण्यात होता. १७७७ मध्ये सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच माणूस आला आणि नाना फडणविसांनी त्याची अशी बडदास्त ठेवली की मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. नानांचा त्या फ्रेंच माणसावर किती विश्वास होता हा वेगळा मुद्दा. पण दोन व्हेंडर एकाच वेळी रिसेप्शनमध्ये बसवून ठेवले की कोटेशन कसं खाली येतं, हे आयटीवाल्यांना सांगायला नको. पुढे १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा मिळाली. शहरात नाही, शहराबाहेर. ही पण यजमानाची निवड!

आता हा 'रेसिडेंट' शब्द बघा. साधा सरळ अर्थ, राहणारा. म्हणजे आपला ऑनसाइट कोऑर्डिनेटर. क्लायंटच्या ऑफिसात बसायचं, त्यांच्याबरोबर चहा प्यायचा, त्यांचे सण साजरे करायचे आणि रोज रात्री घरच्या टीमला स्टेटस पाठवायचं. इथपर्यंत त्यात काही वावगं नाही. मराठ्यांचे वकीलही हेच करत होते. फरक पुढे पडला. कंपनीचा ऑनसाइट माणूस हळूहळू क्लायंटच्या मीटिंगला कोणी यायचं आणि कोणी नाही, हे ठरवायला लागला.

सुरुवात हैदराबादेत झाली. निजाम अली खानाकडे फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेली मोठी कवायती फौज होती. १७९८ च्या तहाने ती मोडली गेली आणि तिच्या जागी कंपनीची तैनाती फौज आली, निजामाच्या खर्चाने. १८०० च्या तहात पुढचं कलम आलं. निजामाने कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. संरक्षण आउटसोर्स केलं, मग बोलणंही आउटसोर्स झालं. आजच्या भाषेत व्हेंडर लॉक-इन.

त्या काळी तिथला रेसिडेंट होता जेम्स किर्कपॅट्रिक. हैदराबादी पोशाख घालणारा, खैरुन्निसाशी लग्न करणारा. मुसी नदीकाठी त्याने जी टोलेजंग रेसिडेन्सी बांधायला घेतली ती आजही कोठी भागात महिला विद्यापीठाच्या आवारात उभी आहे. खर्च कोणाचा? निजामाचा. मॅल्कमने याबद्दल एक किस्सा सांगितलाय. किर्कपॅट्रिकने जागेचा भलामोठा नकाशा निजामापुढे ठेवला, निजामाने साफ नकार दिला. मग कोणीतरी सल्ला दिला, की तोच नकाशा छोट्या कागदावर काढून दाखवा. दाखवला आणि मंजूर! झूम आउट करून सॅंक्शन मिळवायची ही युक्ती दोनशे वर्षं जुनी आहे बघा :)

असो. आता येऊ जालन्याकडे.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला तो शेवटी वसईला, इंग्रजांच्या आश्रयाला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. त्यातही तेच कलम होतं, कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी बोलणी नाहीत. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. दोघांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीकडे, अजिंठ्याच्या डोंगरांच्या बाजूला सरकल्या.

शिंद्यांच्या छावणीत कंपनीचा रेसिडेंट होता, कर्नल जॉन कॉलिन्स. शिंद्यांचा दरबार फिरता, त्यामुळे वकिलातही फिरती. तंबूतली. बुटका माणूस, पण थाट असा की लोक त्याला 'किंग कॉलिन्स' म्हणत. हा कॉलिन्स शिंद्यांना एकच प्रश्न विचारत होता. तुमचा इरादा काय? मे महिन्यात दौलतरावांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. आशय असा, की भोसल्यांची भेट होऊ द्या, मग लढाई की सलोखा ते सांगतो.

जून गेला, जुलै गेला. कंपनी म्हणे, आधी तुम्ही फौजा मागे घ्या. शिंदे-भोसले म्हणत, तुम्हीही घ्या, आपण एकाच वेळी मागे जाऊ. कागदं इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोन्ही बाजूंना वेळ हवा होता हे उघड आहे. पण आर्थर वेलस्लीचं एक गणित होतं. पावसाळ्यात नद्या भरलेल्या असतात, मराठ्यांच्या घोडदळाला मोकळं फिरता येत नाही. आपल्याकडे नावांची सोय असली, तर लढाईला हाच मोसम बरा. म्हणजे वाटाघाटी दसऱ्यापर्यंत लांबू द्यायच्या नव्हत्या.

३ ऑगस्ट १८०३ ला कॉलिन्सने शिंद्यांची छावणी सोडली आणि तो औरंगाबादकडे (आताचं छत्रपती संभाजीनगर) निघाला. तोफ नाही, जाहीरनामा नाही. एका वकिलाने सामान बांधलं, एवढंच. पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. योगायोग असा की तिसऱ्याच दिवशी, ६ ऑगस्टला, हैदराबादेत निजाम अली खान वारला. गादीवर सिकंदर जाह आला आणि किर्कपॅट्रिक तिथे असल्यामुळे कंपनीच्या दृष्टीने सगळं सुरळीत पार पडलं. एक रेसिडेंट निघाला तर लढाई, दुसरा बसून राहिला तर शांतता. दोन्हीचा फायदा एकालाच.

यानंतर घटना भराभर घडल्या. १२ ऑगस्टला अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर) किल्ला पडला. महिनाअखेर वेलस्ली औरंगाबादला पोचला. तिथे कॉलिन्सने त्याला सावध केलं, की मराठ्यांच्या घोडदळाची चिंता नको, पण पायदळ आणि तोफखाना बघून थक्क व्हाल. वेलस्लीच्या तरुण अधिकाऱ्यांना म्हणे त्या नटव्या माणसाचं हसू आलं. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. तेव्हा जालना शिंद्यांकडे होतं. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. (जालना-संभाजीनगर रस्त्यावरचं तेच बदनापूर, जिथे एसटी थांबते.) तिथून दोघे वेगवेगळ्या वाटांनी भोकरदनच्या रोखाने निघाले.

आणि २३ सप्टेंबरला, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, असई गावापाशी वेलस्लीला एकट्यालाच शिंदे-भोसल्यांची अख्खी फौज भेटली. जिंकला तोच, पण जवळपास १,६०० माणसं ठार-जखमी झाली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी अक्षरशः तोफांपाशी प्राण दिले. कॉलिन्सचा इशारा शब्दशः खरा ठरला. पुढे वॉटर्लू जिंकून जगप्रसिद्ध झालेल्या या माणसाला म्हातारपणी विचारलं, की तुमची सर्वोत्तम लढाई कुठली, तर त्याचं उत्तर होतं, असई. जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडचं एक छोटंसं खेडं.

लढाईची गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त खुणावतो तो त्यानंतरचा कागद. नोव्हेंबरअखेर अडगाव, डिसेंबरमध्ये गाविलगड, मग भोसल्यांशी देवगावचा तह आणि ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा मुलूख सोडला आणि सोडलेल्या मुलखात नाव घेऊन लिहिलंय, जालनापूरचा किल्ला आणि परगणा. आमचं गाव! पुढच्या वर्षी वाटणी झाली तेव्हा हा मुलूख निजामाच्या पदरात पडला.

म्हणजे बघा. ३ ऑगस्टला एक वकील छावणीतून निघाला आणि वर्षाच्या आत एका परगण्याने मालक बदलला. परगण्यातल्या कोणालाही कोणी काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. वकील राजाच्या वतीने बोलतो, रयतेच्या वतीने नाही.

असईला वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर एक २३ वर्षांचा पोरगा होता, दुभाष्याचं काम करणारा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. (मूळ नेमणूक मॅल्कमची, पण तो आजारी पडला.) पुढच्याच वर्षी हा पोरगा नागपूरला भोसल्यांकडे रेसिडेंट झाला आणि १८११ मध्ये पुण्याला आला. १८१५ च्या जुलैमध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री गायकवाडांचे वकील आणि कंपनीने त्यांच्या जिवाची हमी घेतलेली. पाहुणा वकील मारला गेला, तोही यजमानाच्या घरात. संशय बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. एल्फिन्स्टनने हा धागा सोडला नाही. जून १८१७ मध्ये त्याने बाजीरावाकडून पुण्याचा तह करून घेतला. त्यात पेशव्याने कबूल केलं, की यापुढे इतर दरबारांत माझे वकील राहणार नाहीत आणि इतरांचे वकील माझ्याकडे राहणार नाहीत. जे काही बोलायचं ते रेसिडेंटमार्फत.

शाळेत आपण शिकतो की पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. माझं मत विचाराल तर ती या कलमाने बुडाली. ज्या पुण्यात नानांनी इंग्रज आणि फ्रेंच एकाच वेळी झुलवले, त्या पुण्याला आता कोणाला घरात घ्यायचं हेही ठरवता येत नव्हतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली, एल्फिन्स्टनची पुस्तकं-हस्तलिखितं त्यात गेली. राग समजू शकतो. पण पाहुण्याची खोली जाळून घराची मालकी परत मिळत नाही.

जालन्यात यानंतर छावणी आली. कंपनीच्या देखरेखीखालची, निजामाच्या पैशाची फौज, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. हैदराबाद काँटिंजंट हे तिचं पुढचं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती हिंदी फौजेत विलीन झाली. दीड शतक जालन्याची व्यवस्था अशी होती. सारा निजामाला, हुकूम रेसिडेन्सीचा आणि रयतेला दोन्हीकडे दाद नाही.

आता १९४७. इंग्रज गेले आणि हैदराबादने म्हटलं, आम्ही स्वतंत्र. दीडशे वर्षांपूर्वी गमावलेला हक्क, म्हणजे आपले वकील आपण पाठवायचे, तो निजामाला परत हवा होता. भारत सरकारला तो द्यायचा नव्हता. तडजोड म्हणून २९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे' करार झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण यांची आधीची व्यवस्था एक वर्ष चालू राहील आणि दोघे एकमेकांकडे एजंट नेमतील. शब्द काळजीपूर्वक निवडलेला आहे. राजदूत नाही, एजंट. राजदूत म्हटलं असतं तर दुसरा देश मान्य केल्यासारखं झालं असतं.

हैदराबादने दिल्लीला झैन यार जंग यांना नेमलं. भारताने हैदराबादला पाठवलं कन्हैयालाल मुनशींना, जानेवारी १९४८ मध्ये. आणि पहिलाच वाद कशावरून? मुनशींनी राहायचं कुठे यावरून! जुन्या रेसिडेन्सीत भारताचा माणूस राहिला तर लोक म्हणतील इंग्रज गेला आणि नवा रेसिडेंट आला, म्हणून निजाम सरकारचा विरोध. शेवटी मुनशींची सोय बोलारमला भारतीय लष्कराच्या ताब्यातल्या जागेत झाली. वरवर पाहता पोरकट भांडण. पण वरची सगळी गोष्ट वाचल्यावर लक्षात येईल, की दोन्ही बाजूंना त्या इमारतीचा अर्थ पक्का माहीत होता.

ऑगस्टमध्ये हैदराबादने थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदवली. मोईन नवाझ जंग यांचं शिष्टमंडळ परदेशात गेलं. १३ सप्टेंबरला 'पोलीस ॲक्शन' सुरू झाली. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेपुढे विषय आला तेव्हा भारतीय फौज जालन्याच्या पुढे सरकलेली होती. १७ ला निजामाने शरणागती पत्करली आणि २२ ला तक्रार मागे घेत असल्याची तार केली. म्हणजे हैदराबादचे वकील जगाच्या दरबारात उभे राहिले खरे, पण त्यांचं घरच मागे उरलं नव्हतं.

आमच्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन आहे आणि तो तसाच असायला हवा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी तुरुंग भोगला, रझाकारांच्या धाकात ज्यांनी गावं सोडली, त्यांच्यासाठी निजामाचा 'स्वतंत्र देश' म्हणजे स्वतःच्याच घरात बंद होणं होतं. ज्या राज्यात रयतेला आवाज नाही त्याने न्यूयॉर्क-लंडनला आवाज मागावा, यातली विसंगती त्यांना दिसत होती. पण जुन्या जालन्यात वाढलेल्या माणसाला गोष्ट इथेच थांबवता येत नाही. आमच्या गल्लीत अजान आणि आरती एकमेकांत मिसळून ऐकू यायची. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर भयंकर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल समिती पाठवली. तिने सबंध संस्थानातल्या बळींचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्या लोकांच्या वतीने बोलायला कुठलाच वकील नव्हता. ना निजामाचा, ना दिल्लीचा.

आणि आता या गोष्टीचं शेपूट, जे चक्क आपल्या काळापर्यंत येतं.

शरणागतीनंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ च्या सुमारास, मोईन नवाझ जंग यांनी हैदराबाद सरकारच्या लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या खात्यातून १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग उचलून दुसऱ्या खात्यात टाकले. खातं होतं हबीब रहिमतुल्ला यांचं, पाकिस्तानचे ब्रिटनमधले हायकमिशनर. (कॉमनवेल्थ देश एकमेकांच्या राजदूतांना हायकमिशनर म्हणतात, बाकी काम तेच.) काही दिवसांतच निजामाने बँकेला कळवलं, की हे माझ्या परवानगीशिवाय झालंय, पैसे परत करा. बँक म्हणाली, दोघांची संमती आणा. ती कधीच आली नाही.

निजामाने दावा लावला. १९५७ मध्ये प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि तिथे अडकलं ते वकिलातीच्याच नियमावर. खातं एका सार्वभौम देशाच्या प्रतिनिधीच्या नावावर आहे, त्या देशाच्या संमतीशिवाय आमचं कोर्ट त्याच्यावर खटला चालवू शकत नाही. यालाच सार्वभौम संरक्षण म्हणतात. वकिलातीच्या फाटकाशी पोलीस थांबतो, तसं इथे न्यायाधीश थांबला. डेडलॉक! एका प्रोसेसने लॉक धरून ठेवलंय, दुसऱ्याला मिळत नाही आणि दोघेही सोडत नाहीत. पैसे बँकेत पडून, व्याज वाढतंय.

लॉक सुटलं २०१३ मध्ये, पाकिस्तानने स्वतःच त्या पैशांसाठी कोर्टात दावा केला तेव्हा. स्वतःहून कोर्टात आलात म्हणजे संरक्षणाची कवचकुंडलं उतरवून आलात. नंतर पाकिस्तानने माघार घ्यायचा प्रयत्न केला, कोर्टाने घेऊ दिली नाही. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, पैसे सातव्या निजामाचे. म्हणून त्यावर हक्क भारताचा आणि निजामाच्या दोन नातवांचा, ज्यांनी आपसात आधीच समझोता केला होता. दहा लाखांचे तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. एकाहत्तर वर्षं.

मी या निकालाची बातमी वाचली तेव्हा मनात पहिला हिशेब आला तो व्याजाचा, खोटं कशाला बोला. पण नंतर वाटलं, या रकमेत थोडा हिस्सा आमच्या जालन्याच्या कापसाचा आणि ज्वारीचाही असणार. संस्थानचा पैसा म्हणजे शेवटी साऱ्याचा पैसा. १८०३ मध्ये परगण्याला विचारलं नाही, तसं १९४८ मध्ये हे पैसे हलवतानाही नाही. आणि २०१९ मध्ये कोर्टात जे तीन पक्ष उभे होते, त्यांत परगण्याच्या वतीने बोलणारा निदान एक तरी होता, कारण आता भारताचं सरकार आमच्या मतावर निवडून येतं. दीडशे-दोनशे वर्षांत बदललं असेल तर एवढंच. हे काही कमी नाही.

आता दिल्लीत चाणक्यपुरीतून जाताना झेंड्यांची रांग दिसली किंवा मुंबईला व्हिसाच्या रांगेत उभे असलात, तर आतल्या देशाकडे नंतर बघा. आधी रांगेच्या बाहेर उभ्या असलेल्या आपल्या मुंबई पोलिसाकडे बघा. तो फाटकाच्या आत जात नाही, कारण आपण तसं कबूल केलंय. आणि आतला माणूस उद्या नको झाला तर त्याला जायला सांगायचा हक्क आपला आहे. सिकंदर जाहला हा हक्क नव्हता, शेवटच्या बाजीरावाला नव्हता. तो परत यायला आपल्याकडच्या लोकांची पाच-सहा पिढ्यांची उमर गेली.

जमलं तर एखाद्या लाँग वीकएंडला असईला जाऊन या. भोकरदनवरून वाट आहे. बघण्यासारखं फार काही नाही, दोन नद्या आणि मधलं रान. पावसाळा सरताना जा, म्हणजे नदीला पाणी असतं.